जुनं रिव्हॉल्व्हर घेताना चकाकी बाजूला ठेवा, आधी सिलिंडर हलवून बघा

"एक जुनं रिव्हॉल्व्हर घ्यायचंय, कलेक्शनला पण होईल आणि अधूनमधून रेंजवर चालवता पण येईल" असं कुणी म्हणलं की मी आधी एवढंच विचारतो, बाबा यातलं पहिलं काय? कारण दोन्ही एकाच हत्यारात मिळतं, नाही असं नाही, पण किंमत ठरते वेगवेगळ्या गोष्टींवर. कलेक्टर पैसे मोजतो ते ओरिजिनल फिनिशला, जुळणाऱ्या नंबरांना, शिक्क्यांना. चालवणारा पैसे मोजतो ते आतल्या यंत्राला आणि नळीला. त्यामुळे ज्याच्यावर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं कारखान्यातलं ब्लूइंग (स्टीलवरचा निळसर-काळा थर) जवळजवळ जसंच्या तसं आहे असं रिव्हॉल्व्हर रेंजवर न्यायची माझी तरी हिंमत होणार नाही, एक स्प्रिंग तुटली किंवा एक स्क्रू बदलावा लागला की ते "सगळं ओरिजिनल" राहत नाही. उलट ज्याचा रंग हाताळून हाताळून उडालाय, करडं पडलंय, पण आतून घट्ट आहे आणि नळी साफ आहे, ते आपल्यासारख्यांसाठी सोनं. कलेक्टर लोक त्याच्याकडे नाक मुरडतात म्हणून ते परवडतं पण.

माझ्याकडचं वेबली मार्क सिक्स असंच आहे. पहिल्या महायुद्धातलं, हे मॉडेल १९१५ साली ब्रिटिश सैन्यात आलं, सहा इंची नळी, .४५५ चं काडतूस (असे आकडे म्हणजे गोळीची ढोबळ जाडी, इंचात). फिनिश म्हणाल तर अर्धंअधिक गेलेलं, मुठीवर ओरखडे, पण घोडा (मागचा हॅमर) चढवला की सिलिंडर (काडतुसं भरायचं फिरतं नळकांडं) असा जागच्या जागी बसतो की विचारू नका.

तर पहिली गोष्ट कातडीची म्हणजे फिनिशची, कारण फसवाफसवी सगळ्यात जास्त इथेच होते. सेकंडहँड गाडी नुसता रंग बघून कुणी घेत नाही, पण जुनं हत्यार मात्र लोक चमकलं की घेतात! जुन्या रिव्हॉल्व्हरला कुणीतरी मधल्या काळात पुन्हा ब्लूइंग केलेलं असणं फार कॉमन आहे, आणि त्यासाठी आधी पॉलिश करावं लागतं, आणि पॉलिशचं चाक कुणाची गय करत नाही. स्क्रूच्या भोकांच्या कडा बघा, खोलगट बशीसारख्या झाल्यात का. नळीवरची अक्षरं बघा, कडा धारदार आहेत की साबणासारख्या गुळगुळीत. फ्रेमच्या सपाट बाजू जिथे मिळतात तिथली रेघ सरळ आहे की वितळल्यासारखी. आणि सगळ्यात सोपं म्हणजे गंजाचे खड्डे, खड्ड्याच्या आत जर छान निळा रंग असेल तर गंज आधी आणि रंग नंतर, दुसरं काय.

निकेलवाल्यांची एक मस्त खूण आहे. स्मिथ अँड वेसनच्या जुन्या निकेल रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा आणि चाप यांना कारखान्यात निकेल चढवत नसत, त्यांना केस हार्डनिंगचे म्हणजे वरचा थर कडक करताना उमटणारे ते ढगाळ रंग असायचे. बऱ्याच टॉप-ब्रेक म्हणजे वरून मोडून उघडणाऱ्या मॉडेल्समध्ये तर ट्रिगर गार्डही निळाच ठेवायचे. तेव्हा घोडा, चाप, गार्ड सगळंच एकसारखं आरशासारखं चकाकत असेल तर ते नंतर कुणीतरी केलेलं काम असायची शक्यता खूपच जास्त. विकणारा म्हणेल "फॅक्टरी निकेल", म्हणू द्या.

कोल्टचं १८५१ नेव्ही बघत असाल तर सिलिंडरवरचं चित्र बघा. त्यावर कँपेचेच्या नाविक लढाईचा देखावा रोलने उठवलेला असायचा, तारीख पण असते, १६ मे १८४३, खोदकाम ऑर्म्सबीचं. ते चित्र फार खोल नसतं त्यामुळे थोड्याशा पॉलिशनेही जातं. म्हणजे नळी नवीकोरी दिसतेय आणि सिलिंडरवर जहाजांचा मागमूस नाही, तर एकतर सिलिंडर दुसरीकडचा आहे किंवा कुणीतरी सगळंच घासलंय. नंबर जुळवायचेच, कोल्टच्या ठासणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये नळी, फ्रेम, ट्रिगर गार्ड, बॅकस्ट्रॅप (मुठीची मागची पट्टी) अशा चारही ठिकाणी तोच नंबर हवा, सिलिंडरवरही असतो आणि त्या छोट्याशा वेजवर म्हणजे पाचरीवर सुद्धा असतो. पाचर हरवते, बदलली जाते, तिचा नंबर जुळला नाही तर मी फार मनावर घेत नाही. सिलिंडरचा जुळला नाही तर घेतो.

आणि ठासणीच्या कोल्ट किंवा रेमिंग्टनबाबत अजून एक, इटलीत उबर्टी, पिएट्टा वगैरे कंपन्या याच मॉडेल्सच्या प्रतिकृती कित्येक दशकं बनवतायत, आणि चांगल्या बनवतात! त्यातली एखादी साठ-सत्तर सालची प्रत, त्यावरचे इटालियन प्रूफ शिक्के (जास्त दाबाने उडवून तपासल्याची खूण) घासून टाकलेले, वर ॲसिडने म्हातारपण आणलेलं, अशी "आजोबांच्या माळ्यावर सापडली" म्हणून समोर येते. जिथे शिक्का असायला हवा तिथे फ्रेमला किंवा नळीला हलकासा खोलगटपणा असेल तर हात आखडता घ्या. खरं म्हणजे नुसतं चालवायचंच असेल तर सरळ प्रतिकृती म्हणूनच प्रतिकृती घेतलेली काय वाईट? स्टील नवं, भाग मिळतात, आणि दीडशे वर्षांची वस्तू बिघडवल्याची टोचणी नाही. मला तरी त्यात काही कमीपणा वाटत नाही, पण प्रतिकृतीचे पैसे द्या, अँटिकचे नको.

शिक्क्यांवर थोडं. ब्रिटनमध्ये लंडन आणि बर्मिंगहॅमची प्रूफ हाऊसेस, बेल्जियममध्ये लिएज, तिथला अंडाकृती चौकटीतला ईएलजी आणि तारा तर सगळीकडे भेटतो. युद्धातल्या ब्रिटिश हत्यारांवर सरकारी मालकीचा बाण असतो आणि दोन बाण टोकाला टोक लावून दिसले तर ते सैन्याने अधिकृतपणे विकून टाकलेलं. ही खूण मला फार आवडते, हत्याराची पेन्शनच ती. पण चालवणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न असा की प्रूफ काळ्या दारूवर म्हणजे जुन्या धूर सोडणाऱ्या बारुदावर झालंय की नायट्रो म्हणजे धूरविरहित दारूवर. हा फरक नुसता कागदावरचा नाही.

पॉल व्हिएयने फ्रान्समध्ये १८८४ साली धूरविरहित दारू काढली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत सगळं बदललं, पण रिव्हॉल्व्हरचं स्टील लगेच बदललं नाही. कोल्टने आपल्या १८७३ च्या सिंगल ॲक्शन आर्मीला धूरविरहित दारूची हमी दिली ती १९०० च्या आसपास, नंबर साधारण १,९२,००० च्या पुढे. त्याच्या आधीच्यांचं धातुकाम काळ्या दारूच्या हिशोबाने. आजचं .४५ कोल्टचं काडतूस त्या जुन्या सिलिंडरमध्ये आरामात जातं, बसतं, आणि हाच तर प्रॉब्लेम आहे, की बसतंय म्हणजे चालतंय असं वाटतं. सिलिंडरच्या भिंती पातळ असतात आणि जिथे लॉकची खाच कापलेली असते तिथे तर अजूनच पातळ, फुटतो तो तिथून.

याचंच दुसरं रूप म्हणजे "सोयीसाठी" बदललेली हत्यारं. वेबलीवाल्यांना हे तोंडपाठ हवं. .४५५ ची काडतुसं मिळेनाशी झाली तेव्हा हजारो वेबलींचा सिलिंडर मागून तासून त्यात मून क्लिपने (काडतुसं एकत्र धरणारी पातळ पट्टी) पिस्तुलाचं .४५ एसीपी बसेल असं केलं गेलं. बसतं, उडतं, लोक चालवतात पण. पण .४५ एसीपीचं कमाल प्रेशर २१,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) आणि वेबली मुळात बनलं ते २६५ ग्रेन वजनाची शिशाची गोळी सेकंदाला सहाशे फुटांच्या आसपास सोडणाऱ्या संथ काडतुसासाठी, दोघांचा मेळच नाही. तासलेलं वेबली ओळखायचं सोपं, सिलिंडरच्या मागच्या तोंडाकडे नीट बघा, मागे गॅप जास्त आहे आणि नंबरचा काही भाग कापला गेलाय असं दिसतं बऱ्याचदा. असं मिळालं तर कलेक्टर म्हणून किंमत पडली आणि शूटर म्हणून हातात आलं एक असं हत्यार ज्याला कमी प्रेशरची काडतुसं स्वतः भरावी लागणार. मी तरी न तासलेलंच हवं म्हणून अडून बसलो होतो.

तशीच गोष्ट .३८ ची. दुसऱ्या महायुद्धात स्मिथ अँड वेसनने ब्रिटिशांसाठी .३८/२०० ची, म्हणजेच .३८ एस अँड डब्ल्यू काडतुसाची रिव्हॉल्व्हर ढिगाने बनवली, आणि नंतर त्यातल्या कित्येकांचे चेंबर (सिलिंडरमधली काडतुसाची भोकं) खोल करून .३८ स्पेशल जाईल असे केले गेले. आता .३८ स्पेशलची केस म्हणजे पुंगळी .३७९ इंच जाड आणि मूळ चेंबर होता .३८६ च्या केससाठी, त्यामुळे मागच्या बाजूला पुंगळी फुगते, कधी उभी फाटते. गोळीही .३६१ च्या नळीत .३५८ ची, म्हणजे ढिली. दोन्ही ".३८" आहेत पण एकमेकांची बहीण सुद्धा नाहीत. दुकानात वापरलेली पुंगळी मागा, मिळाली तर पोटापाशी फुगवटा आहे का पाहा, सगळं कळतं.

आता हातात घेऊन तपासणी. आधी परवानगी, मग रिकामं आहे ना ते स्वतःच्या डोळ्यांनी बघणं, विकणाऱ्याने आत्ताच बघितलं असलं तरी. मग अगदी सावकाश घोडा चढवायचा, दुसऱ्या हाताच्या बोटाने सिलिंडरला हलकंसं अडवत. घोडा पूर्ण चढेपर्यंत सिलिंडरचा बोल्ट (त्याला अडवणारा खटका) खाचेत "टक" करून बसायलाच हवा. घोडा चढला आणि सिलिंडर अजून थोडा मागे राहिला असेल तर हँड (सिलिंडर फिरवणारा दांडा) झिजलाय, टायमिंग गेलंय. हे सगळ्या चेंबरवर करायचं, एका चेंबरवर करून समाधान मानायचं नाही, कारण बऱ्याचदा सहापैकी एखादाच चेंबर चुकार असतो. टायमिंग चुकलं तर गोळी चेंबरमधून निघून नळीच्या तोंडावर एका बाजूला घासते, शिसं उडतं बाजूला, शेजारच्याच्या हाताला लागतं, हे होतं खरंच.

मग चाप दाबून धरून (घोडा अंगठ्याने हळू खाली आणत, नुसता सोडायचा नाही, जुने फायरिंग पिन तुटतात आणि विकणारा चिडतो ते वेगळंच) सिलिंडर डावी-उजवीकडे हलवून बघायचा. इथे एक सांगतो, बऱ्याच जुन्या डबल-ॲक्शनमध्ये (चाप दाबला की घोडा आपोआप चढतो अशा) घोडा खाली असताना सिलिंडर थोडा डगडगतो ते डिझाईनच तसं आहे, लोक तेवढ्यावरून चांगलं हत्यार सोडून देतात. खरा लॉक बघायचा तो चाप मागे दाबून धरलेला असताना. त्यानंतर सिलिंडर पुढे-मागे ढकलून बघा, आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) काढून नळी आणि सिलिंडरमधली फट मोजा. ०.००४ ते ०.००६ इंच म्हणजे उत्तम, म्हाताऱ्या हत्याराला ०.०१० पर्यंत मी चालवून घेतो. फट मोजताना सिलिंडर एकदा मागे दाबून आणि एकदा पुढे दाबून मोजायचं, दोन आकड्यांतला फरक म्हणजे सिलिंडरचा ढिलेपणा. फीलर गेज बाहेर काढलं की काही विक्रेत्यांचा चेहरा बदलतो, मला ती सुद्धा एक टेस्टच वाटते.

घोडा चढवून मागून अंगठ्याने पुढे ढकलून बघा, जोर न लावता. निसटला तर सिअर (घोडा अडवून धरणारा खटका) गेलेला. सिंगल ॲक्शन आर्मी असेल तर सेफ्टीची पहिली खाच आणि हाफ-कॉक (घोडा अर्धा चढवल्यावरची खाच) दोन्ही तपासा, आणि खाच कितीही चांगली असली तरी सहा चेंबरमध्ये पाचच काडतुसं, घोडा रिकाम्या चेंबरवर. घोड्याची पिन नाहीतर थेट प्रायमरवर (काडतुसाच्या बुडाची पेटवणारी टोपी) टेकलेली असते.

मॉडेल-मॉडेलच्या खोडी पण असतात. कोल्टचं १८७७ चं डबल-ॲक्शन दिसायला काय देखणं, पण आतलं यंत्र इतकं नाजूक की चालवण्यासाठी घेऊ नका असंच म्हणेन, कपाटात छान दिसतं. कोल्टच्या १८९२ च्या आर्मी मालिकेत सिलिंडर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो आणि क्रेन (सिलिंडर धरून बाहेर उघडणारा हात) पण डावीकडेच उघडते, म्हणजे प्रत्येक वेळी हँड सिलिंडरला फ्रेमच्या बाहेर ढकलतो, त्यामुळे वयाबरोबर तिथे सैलपणा येतोच. उलट नागान १८९५ बघा, सात गोळ्यांचं, घोडा चढला की सिलिंडर पुढे सरकून नळीला बिलगतो आणि ती फटच बंद होते, कल्पना भन्नाट आहे पण चाप एवढा जड की डबल-ॲक्शनमध्ये नेम धरायचा नाद सोडा.

टॉप-ब्रेक असेल तर बिजागरी आणि लॅच. एका हातात मूठ, एका हातात नळी, आणि हलकंसं पिळून बघा, बाजूला हललं तर बिजागरीचा पिन झिजलाय. वेबलीचा स्टिरप लॅच दणकट असतो. पण आयव्हर जॉन्सन, हॅरिंग्टन अँड रिचर्डसन, हॉपकिन्स अँड ॲलन यांची खिशात मावणारी छोटी टॉप-ब्रेक ढिगाने मिळतात, आणि त्यातली सुरुवातीची फक्त काळ्या दारूची. आयव्हर जॉन्सनने धूरविरहित दारूसाठी सुधारलेलं मॉडेल १९०९ च्या सुमारास आणलं. ही बहुतेक कलेक्शनची सुरुवात करायला ठीक, रेंजसाठी मी घेणार नाही.

नळीत बोरलाइट म्हणजे छोटा दिवा टाका. थोडेफार काळे डाग, हलके खड्डे असतील तर घाबरायचं कारण नाही, काळ्या दारूच्या काळातल्या नळीला ते असणारच, आणि रायफलिंगच्या (नळीतल्या पिळाच्या खाचांच्या) कडा ठसठशीत असतील तर निशाण लागतं. पण नळीत मध्येच एक काळी गोल रिंग दिसली तर ती फुगलेली नळी, आधीची गोळी अडकलेली असताना दुसरी सोडलेली. बाहेरून बोट फिरवलं तर कधीकधी लागतं सुद्धा. नळीच्या मागच्या तोंडाला, फोर्सिंग कोनला, बारीक चीर आहे का ते भिंगाने. चेंबरच्या आत खड्डे असतील तर पुंगळ्या चिकटतात, ते नळीतल्या खड्ड्यांपेक्षा जास्त वैताग देतं.

घरी आणल्यावर चालवायच्या आधी मऊ शिशाची गोळी नळीतून ठोकून काढून खरं माप घेतो मी, आणि चेंबरच्या पुढच्या तोंडाचं पण. जुन्या काळात मापं फार हेलकावे खायची. .४५ कोल्टचंच घ्या, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या नळ्या साधारण .४५४ च्या आणि नंतरच्या .४५१-.४५२ च्या, म्हणजे आजची गोळी जुन्या नळीत खुळखुळणार आणि मग लोक म्हणणार बंदूक वाकडी मारते.

कागदाबद्दल थोडक्यात. कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन दोघांच्याही जुन्या हत्यारांचं आर्काइव्ह लेटर पैसे भरून मिळवता येतं, त्यात फिनिश कोणतं होतं, नळी किती इंचाची, कुणाकडे कधी रवाना झालं हे येतं. निकेल खरं की खोटं हा वाद तिथेच संपतो. "हे अमक्या जनरलचं होतं" हे तोंडी असेल तर त्याचे पैसे शून्य, माझ्या लेखी. हस्तिदंती मूठ असेल तर देशाबाहेर नेण्यावर साइट्सचे (वन्यजीवांच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) आणि खरेदी-विक्रीवर त्या त्या देशाचे निर्बंध असतात ते आधी बघा.

आणि कायदा! अमेरिकेत फेडरल कायद्याने १८९८ पर्यंत बनलेलं ते अँटिक, तिथे १८९९ चं तेच मॉडेल वेगळ्या नियमात जातं, म्हणून नंबरावरून साल काढणं हा तिथे नुसता हौसेचा भाग नाही. ब्रिटनमध्ये अँटिक हे शोभेची किंवा कुतूहलाची वस्तू म्हणूनच ठेवायचं, चालवायचं म्हणलं की लायसन्स, आणि २०२१ साली तर .४४ रशियन, .४१ कोल्ट धरून सात काडतुसं जुनी-बाद यादीतून (ज्यांच्या अँटिक हत्याराला लायसन्स लागत नसे) काढली गेली, म्हणजे काल मोकळं असलेलं हत्यार आज लायसन्सचं झालं. आपण जिथे राहतो तिथलं काय ते बयाणा द्यायच्या आधी लेखी विचारून घ्या. राज्य बदललं तरी नियम बदलतात काही ठिकाणी.

चालवताना माझं साधं आहे. गनस्मिथने एकदा उघडून बघितल्याशिवाय नाही. काळ्या दारूच्या हत्याराला काळीच दारू, शिशाचीच गोळी, आणि भरणं हलकं. ठासणीचं असेल तर निपल (पेटवणारी टोपी बसते ती छोटी नळी) नवे बसवायचे आणि जुने पुडीत नाव लिहून ठेवायचे (स्प्रिंग, स्क्रू सगळ्यालाच हा नियम, ओरिजिनल भाग टाकायचा नाही), आणि प्रत्येक चेंबरवर गोळीच्या वर ग्रीस किंवा खाली वंगण लावलेला वॅड (नमद्याची चकती), आणि टोप्या निपलवर घट्ट बसणाऱ्याच घ्यायच्या, नाहीतर एका चेंबरची आग शेजारच्याला लागते. संध्याकाळी दमून आलो म्हणून साफसफाई उद्यावर टाकायची नाही, काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढते आणि रात्रीत गंज चढवते. गरम पाणी, थोडा साबण, कोरडं करून तेल, बस. महागड्या सॉल्व्हंटने मीठ जात नाही, पाण्याने जातं.

पहिल्या दिवशीच्या पुंगळ्या फेकू नका, कुठली कुठल्या चेंबरची ते मार्करने लिहून घरी घेऊन या. प्रायमरवरची खूण मधोमध नसून एका बाजूला असेल तर त्या चेंबरचं टायमिंग बघा, प्रायमर मागे सरकून बाहेर आला असेल तर मागची जागा जास्त आहे, आणि पोटाशी फुगली असेल तर चेंबरचं माप कुणीतरी बदललंय. एकाच चेंबरची पुंगळी दरवेळी तशी येत असेल तर दुरुस्ती होईपर्यंत मी तो चेंबर सोडून उरलेल्या पाचांवर चालवतो. सगळ्याच तशा आल्या तर रेंज बंद, ते कपाटातलं.